मोसंबीचा रस तिसऱ्या दिवशी कडू का होतो? यंत्र, उष्णता आणि बाटली यांविषयी

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमचे गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी आहे. आम्ही ६ शेतकरी मिळून २२ एकर मोसंबी आणि ७ एकर कागदी लिंबू सांभाळतो. गेल्या आंबिया बहारात (हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या हंगामात) व्यापाऱ्याने मोठी, चमकदार फळे निवडून नेली. उरलेल्या बारीक, डागी आणि हिरव्या मालाला गाडीभाडे सुटेल एवढाही भाव मिळेना, तेव्हा त्याचा रस काढून बाटलीत भरून पाहावा असे ठरले.

एक जुने स्क्रू प्रेस विकत घेतले आणि वाफेवर चालणारी दुहेरी तळाची ५० लिटरची स्टीलची कढई भाड्याने आणली. फळे धुतली, सालीसकट चार-चार फोडी केल्या, प्रेसमधून रस काढला, मलमलीतून गाळला, कढईत उकळीच्या बेतापर्यंत तापवला आणि २०० मिलीच्या काचेच्या बाटल्यांत भरून बूच लावले. त्या संध्याकाळी रस उत्तम होता. तिसऱ्या दिवशी बाटली उघडली, तर पहिला घोट गोड लागला आणि गिळल्यानंतर जिभेच्या मागच्या भागावर कडवटपणा पसरत गेला. माझ्या चुलत्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "हाऊ रस कडू लागी ऱ्हायना, भाऊ." सगळ्या ९६ बाटल्यांची तीच गत निघाली.

ज्याच्याकडून प्रेस घेतले तो विक्रेता म्हणतो की दोष काचेच्या बाटलीचा आणि हाताने भरण्याचा आहे. पेट (प्लॅस्टिकच्या) बाटल्या भरणारी स्वयंचलित मशीन घेतली की कडवटपणा जाईल. त्याचे ११.५ लाखांचे कोटेशन माझ्यासमोर आहे. पैसे भरण्यापूर्वी जाणकारांना विचारतो: कडूपणा नेमका कुठून येतो, आणि तो बाटली बदलल्याने जाईल का?

रसपारखी

बाटली बदलल्याने जाणार नाही. कोटेशन तूर्तास बाजूला ठेवा. मी फळप्रक्रियेच्या कारखान्यांत २६ वर्षे काढली आहेत आणि हा प्रश्न दर हंगामात कोणी ना कोणी विचारतोच.

लिंबूवर्गीय फळांत कडूपणा दोन प्रकारचा असतो. पपनस किंवा ग्रेपफ्रूटचा कडूपणा नॅरिंजिन या पदार्थाचा असून तो फळ खाताक्षणीच जाणवतो. मोसंबीचा कडूपणा लिमोनिनचा असतो आणि तो उशिरा येतो, म्हणून त्याला विलंबित कडूपणा म्हणतात. अखंड फळात लिमोनिन जवळजवळ नसते. तिथे असतो त्याचा पूर्वज पदार्थ, ज्याला स्वतःची कडू चव नाही, आणि तो फोडींच्या पापुद्र्यांत, मधल्या पांढऱ्या गाभ्यात, सालीच्या आतल्या थरात आणि बियांत साठलेला असतो. फळ दाबून फोडले की हे भाग रसातल्या आम्लाच्या संपर्कात येतात आणि त्या पूर्वज पदार्थाचे हळूहळू लिमोनिन होते. साध्या तापमानाला या बदलाला काही तास लागतात, तर उष्णता दिली की तो फार वेगाने होतो. म्हणूनच रसवंतीवर समोर काढून प्यालेली मोसंबी गोड लागते आणि तोच रस घरी नेऊन रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी तोंड वाकडे होते.

रसात लिमोनिन दर दशलक्ष भागांत (पीपीएम) ६ भागांच्या पुढे गेले की बहुतेकांना ते जाणवते. म्हणजे १,००० लिटर रसात साधारण ६ ग्रॅम. तुम्ही सालीसकट फोडी स्क्रूमध्ये घातल्या, म्हणजे साल, गाभा, पापुद्रे आणि बिया यांचा अर्कच काढला, आणि मग कढईत तापवून तो पूर्ण उतरवून घेतला. काच बिचारी निर्दोष आहे.

आणखी दोन गोष्टी विचारतो. फळे कोणत्या महिन्यात उतरवली होती, आणि खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले ते, कोणता आहे? कोवळ्या फळात हा पदार्थ जास्त असतो आणि फळ झाडावर पिकत जाते तसा कमी होतो. जंभेरी खुंटावरच्या फळात तो इतर काही खुंटांपेक्षा जास्त आढळतो.

गिरणाकाठ

खुंट जंभेरीच आहे. फळे सप्टेंबरच्या अखेरीस उतरवली, कारण व्यापाऱ्याला तेव्हा गाडी भरायची होती. म्हणजे कडूपणाची निम्मी तयारी आम्ही बागेतच केली होती, असे दिसते.

लोखंडी काम

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत माझे फॅब्रिकेशनचे छोटे शेड आहे. रसपारखींनी रसायन सांगितले, मी यंत्राच्या बाजूने लिहितो.

स्क्रू प्रेस हे आवळा, आले किंवा अननस यांच्यासाठी ठीक यंत्र आहे, कारण त्यात जे आत जाते ते सगळे एकत्र चिरडले जाते. मोसंबीचे फळ मात्र चार-पाच वेगवेगळ्या वस्तूंचे गाठोडे आहे: बाहेर तेलाच्या पिशव्या असलेली साल, तिच्या आत पांढरा थर, मग पापुद्रे, रसाच्या पिशव्या, बिया आणि मधला गाभा. यांतली एकच वस्तू आपल्याला हवी असते आणि बाकीच्यांना न दुखावता ती बाहेर काढायची असते. लिंबूवर्गीय यंत्रांची सारी कल्पकता या एका कामात खर्च झालेली आहे.

मोठ्या कारखान्यांत जे कपाचे एक्स्ट्रॅक्टर असतात ते अमेरिकेत १९४० च्या दशकात आले. मी एकदा बंद पडलेले असे यंत्र उघडून पाहिले आहे. खाली एक कप आणि वर एक कप, आणि दोन्हींना हाताच्या बोटांसारख्या पट्ट्या असतात. वरचा कप खाली येतो तेव्हा त्याची बोटे खालच्या बोटांच्या फटींत शिरतात, त्यामुळे फळ चहूबाजूंनी सारखे दाबले जाते आणि साल फुटून विखुरत नाही. त्याच वेळी खालून एक धारदार नळी फळाच्या बुडाला रुपयाएवढे गोल भोक पाडते. आतला सगळा ऐवज त्या भोकातून छिद्रांच्या नळीत उतरतो, रस छिद्रांतून बाहेर पडतो, आणि बिया, पापुद्रे व गाभा नळीतच अडकून शेवटी वेगळ्या वाटेने जातात. साल कपाच्या बाहेरच्या बाजूने निघते आणि तिच्यातून उडालेले तेल पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन वेगळे घेतले जाते. हे सगळे एका ठोक्यात होते. अशी यंत्रे बऱ्याचदा विकत न देता भाड्याने दिली जातात. आपल्या मालासाठी त्यांचा विचार करण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रकार रीमरचा. फळाचे बरोबर दोन अर्धे करायचे आणि फिरत्या शंकूवर दाबायचे. घरच्या लिंबू पिळणीचेच ते मोठे रूप आहे. यात सालीचा बाहेरचा भाग रसाला शिवत नाही. तुमच्यासाठी हेच योग्य, पण दोन अटी आहेत. पहिली, फळे आकाराने निवडलेली हवीत, कारण मोठ्या शंकूवर लहान फळ आले की शंकू थेट पांढऱ्या थराला खरवडतो. दुसरी, दाब मर्यादित हवा. शेवटचा ५ टक्के रस काढण्याचा मोह धरलात, तर पहिला ९५ टक्के कडू होतो. त्यापुढे फिनिशर लावा, म्हणजे जाळीच्या नळीत सावकाश फिरणारा स्क्रू किंवा पॅडल. जाळीची छिद्रे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि गराचा लगदा पार कोरडा होईपर्यंत दाबू नका.

शिरपूरकर

रसातला कडूपणा नंतर काढून टाकणारे रेझिन मिळते, असे ऐकले आहे. मग एवढी यातायात कशाला?

रसपारखी

मिळते. सच्छिद्र पॉलिमरच्या बारीक मण्यांच्या स्तंभातून रस सोडला की लिमोनिन त्या मण्यांना चिकटून राहते. पण रसातला गर त्या मण्यांत अडकतो, म्हणून आधी रस अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पडद्यातून काढावा लागतो, म्हणजे गर एकीकडे आणि नितळ रस दुसरीकडे. नितळ रस रेझिनमधून न्यायचा आणि मग गर परत मिसळायचा. रेझिन दर फेरीनंतर कॉस्टिकने धुऊन पुन्हा कामाला लावावे लागते, ते सांडपाणी कुठे सोडायचे हा प्रश्न उरतोच, आणि रसाचा थोडा सुगंधही जातो. वर्षाला हजारो टन फळ दळणाऱ्यांना हे परवडते. तुम्ही जे आत येऊच दिले नाही, ते काढावे लागत नाही.

लोखंडी काम

गास्केटचा, म्हणजे पाइपांच्या जोडांत गळती रोखायला बसवतात त्या रबरी कड्यांचा अनुभव इथेच सांगून टाकतो, कारण तो कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. एका गिऱ्हाइकाने संत्र्याच्या सालीचे तेल काढण्याचा छोटा संच लावला होता. दुधाच्या लाइनला जे काळे ईपीडीएम रबरी गास्केट वापरतात तेच मी जोडांना बसवले. ३ आठवड्यांनी फोन आला की प्रत्येक जोड गळतो आहे. उघडून पाहतो तो गास्केट फुगून खाचेच्या बाहेर आलेले, बोटाने दाबले तर साबणासारखे मऊ. संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक डी-लिमोनिन असते आणि ते अशा रबरात शिरून त्याला फुगवते. तेव्हापासून सालीचे तेल जिथे लागेल तिथे मी व्हायटॉन हे तेलाने न फुगणारे रबरच बसवतो. पैसे जास्त जातात, पण रात्री फोन येत नाही.

धातूंविषयी: तांबे, पितळ आणि साधे लोखंड रसाला अजिबात लागू देऊ नका, कारण त्यांचा अंश उतरला तरी क जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होते. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ क्रमांकाची प्रत चालते, मात्र मीठ घातलेला लिंबूरस किंवा लोणच्याचा खार साठवायचा असेल तर ३१६ घ्या. आम्ल आणि मीठ एकत्र आले की ३०४ ला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात आणि ते वेल्डिंगच्या शेजारून सुरू होतात.

(डी-लिमोनिन आणि लिमोनिन हे दोन निराळे पदार्थ आहेत. पहिले सुगंधी तेल, दुसरे कडू. रसपारखी मला टोकण्याआधी मीच लिहून ठेवतो.)

रसपारखी

टोकणारच होतो. मराठीत लिहिताना पहिल्याला लिमोनीन असे दीर्घ लिहावे, म्हणजे घोळ होणार नाही.

आता उष्णतेकडे वळतो, कारण दुसरी चूक तिथे झाली आहे. रस तापवण्यामागे दोन हेतू असतात. एक, यीस्ट आणि बुरशी मारणे, आणि हे काम आम्लधर्मी रसात तुलनेने सहज होते. दुसरा हेतू पेक्टिन एस्टरेज हे एन्झाइम निकामी करण्याचा. ते जिवंत राहिले तर रसाचा दुधाळ गढूळपणा मोडतो आणि काही दिवसांत बाटलीच्या तळाशी गाळ व वर पिवळट पाणी असे दोन थर दिसतात. हे एन्झाइम यीस्टपेक्षा चिवट असल्यामुळे पाश्चरायझेशनचे तापमान त्याच्या हिशेबाने ठरते: ९० ते ९५ अंश सेल्सिअस, आणि तेही अर्ध्या-पाऊण मिनिटासाठी.

तुमच्या कढईत रस ३० वरून ९० अंशांवर यायला किती वेळ लागला? अर्धा-पाऊण तास लागला असेल, तर तेवढा वेळ रस मधल्या तापमानांत शिजत राहिला. शिजवटाचा वास, तपकिरी छटा आणि कडूपणाची घाई हे तिन्ही त्याच वेळेत येते. नळीच्या किंवा प्लेटच्या हीट एक्स्चेंजरमध्ये तेच काम सेकंदांत होते आणि लगेच पुढच्या भागात रस थंडही करता येतो. छोट्या क्षमतेचे नळीचे पाश्चरायझर जळगावात बनवून मिळते. गराचा रस असेल तर प्लेटपेक्षा नळी बरी, कारण प्लेटच्या फटी गराने बुजतात.

गिरणाकाठ

वेळ मोजला नव्हता. दोन वेळा चहा झाला, म्हणजे ५० मिनिटे तरी सहज गेली असतील.

तापीकाठची सुगरण

आमचा १२ महिलांचा गट यावल तालुक्यात लिंबाचे स्क्वॉश आणि लोणचे करतो. ९ वर्षे झाली. मोसंबीचे आम्हाला ठाऊक नाही, पण गिरणाकाठ भाऊंकडे ७ एकर लिंबू आहे आणि त्याविषयी कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते.

लिंबाचा रस आम्ही तापवत नाही. फळ आडवे कापायचे, हाताच्या दाबयंत्रावर एकदाच दाबायचे आणि साल पिळून काढायची नाही. साल पिळली की तिचे तेल रसात उतरते, त्याचे पिवळे कडे बाटलीच्या गळ्याशी जमते आणि महिनाभरात त्याला जुन्या रंगासारखा वास येतो. साखरेचा पाक वेगळा करून पूर्ण थंड करायचा आणि मगच रस मिसळायचा. स्क्वॉशमध्ये कायद्याने किमान २५ टक्के रस आणि ४० टक्के विद्राव्य घटक लागतात. आम्ही त्याहून थोडे वरच राहतो.

टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतो. स्क्वॉशमध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला ३५० मिलिग्रॅम आहे. पुष्कळ जण तेवढ्याच वजनाची पावडर टाकतात आणि मग माल आंबतो, कारण पावडरीतून कागदोपत्री ५७ टक्केच वायू मिळतो. हिशेब किलोला ०.६ ग्रॅमचा आहे. पावडरीचे पाकीट फोडून सहा महिने फळीवर ठेवलेले असेल तर तेवढाही वायू मिळत नाही. म्हणून आम्ही लहान पाकिटे घेतो आणि फोडल्याची तारीख त्यावरच पेनने लिहितो. उघड्यावर चव पाहून अंदाजाने चिमूट टाकणे हा प्रकार आमच्याकडे पहिल्या वर्षी झाला होता. तेव्हा मे महिन्यात एका दुकानाच्या फळीवर चार बाटल्यांची बुचे आपोआप उडाली आणि दुकानदाराने ती बुचे पुराव्यादाखल एका पिशवीत घालून आमच्याकडे पाठवली.

गिरणाकाठ

ताई, बुचांची पिशवी वाचून हसू आले आणि घामही फुटला. बाटली काचेची घेता की पेटची?

तापीकाठची सुगरण

आधी काच घेत होतो, आता ७५० मिलीची पेट. आमचा माल थंड भरला जातो, त्यामुळे पेट चालते. काच वाहतुकीत फुटायची आणि तिचे वजन भाड्यात लागायचे. मात्र पेटमध्ये ६ महिन्यांनंतर रंग गडद होतो, म्हणून तेवढीच मुदत छापतो. आपल्याकडे मे महिन्यात गोदामाच्या पत्र्याखाली काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे बाटल्या ठेवल्या तर मुदत निम्मी धरावी.

रसपारखी

ताईंचे निरीक्षण अचूक आहे. पेटमधून प्राणवायू अगदी सावकाश का होईना आत झिरपतो, क जीवनसत्त्व जळते आणि त्यातूनच तपकिरी रंग येतो. उष्णतेत हा वेग वाढतो.

गिरणाकाठ यांनी रस गरम भरायचा ठरवला तर साधी पेट चालणार नाही. ती ७० अंशांच्या आसपास मऊ पडून चुरगळते. ८५ अंशांवर भरायला खास उष्णतारोधक पेट लागते, जिच्या अंगावर खोलगट चौकटी असतात, कारण आतला रस थंड होऊन आकसतो तेव्हा त्या चौकटी आत ओढल्या जाऊन बाटलीचा आकार सांभाळतात. तुमच्या विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये बाटलीचा हा प्रकार लिहिला आहे का, ते पाहा. काच वापरलीत तर बाटल्या आधी कोमट पाण्यात गरम करून घ्या. बाटली आणि रस यांत ४० अंशांपेक्षा जास्त फरक पडला की तळ सुटतो, आणि डिसेंबरच्या पहाटे तर नक्कीच. भरल्यावर बूच लावून बाटली २-३ मिनिटे आडवी किंवा उलटी ठेवायची, म्हणजे बुचाची आतली बाजूही त्याच उष्णतेने निर्जंतुक होते. मग लवकर थंड करायची.

एक सूचना सुरक्षिततेची आहे. मोसंबीत आम्ल फार कमी असते. पीएच (आम्लतेचे माप, आम्ल जास्त तितका तो कमी) ४.६ च्या वर गेला तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला वाव मिळतो आणि साधे पाश्चरायझेशन त्याच्यावर पुरे पडत नाही. तयार पेयाचा पीएच ४.० च्या खाली ठेवा आणि तो कागदी पट्टीऐवजी मीटरने मोजा. आम्लासाठी तुमचाच लिंबूरस आहे.

शिरपूरकर

लिंबापासूनच सायट्रिक अ‍ॅसिड काढून विकता येईल का?

रसपारखी

शंभर वर्षे उशीर झाला. १७८४ मध्ये शीले याने ते लिंबाच्या रसातूनच प्रथम वेगळे केले आणि इटलीने पुढे त्याचा मोठा व्यापार केला. पण १९१९ पासून ते साखरेवर वाढवलेल्या अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून कारखान्यात बनू लागले आणि लिंबू त्या स्पर्धेतून बाहेर पडले.

पाचोरेकर

आपण सगळे हिरव्या आणि डागी मालाचे औषध शोधतो आहोत. तो माल हिरवा आणि डागी का झाला, हे मात्र कोणी विचारले नाही. मी ताज्या फळांच्या ग्रेडिंगचे काम करतो आणि माझे मत असे आहे की निम्मे फळ रसासाठी ढकलण्याऐवजी ताजेच विकता आले असते.

डागांचे घ्या. आपल्याकडे तोडणी पहाटे सुरू होते, कारण ऊन चढण्याआधी गाडी भरायची असते. त्या वेळी दहिवर असते आणि फळ पाण्याने टरारलेले असते. अशा फळाला नख किंवा क्रेटची कड लागली की सालीतल्या तेलाच्या पिशव्या फुटतात आणि ते तेल आजूबाजूची साल जाळते. तोडताना काहीच दिसत नाही, दोन दिवसांनी मात्र खोलगट, तपकिरी चट्टे उमटतात आणि आपण रोगाच्या नावाने खडे फोडतो. साल कोरडी झाल्यावर, म्हणजे नऊ-साडेनऊनंतर तोडणी करा, देठ कात्रीने कापा आणि नखे कापलेली आहेत का ते पाहा. याला खर्च शून्य आहे.

हिरवेपणाचे म्हणाल तर आपल्या हवेत रात्री पुरेशा गार होत नाहीत, म्हणून मोसंबी आतून पिकली तरी वरून हिरवी राहते. खान्देशात यावर जे साधन हाताशी आहे ते विदर्भातही इतक्या संख्येने नसेल: केळीच्या रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवण्याच्या खोल्या. रावेर-यावल पट्ट्यात त्यांतल्या कित्येक खोल्या हंगाम नसताना रिकाम्या असतात.

केळीवाला रावेर

माझ्याकडे अशा दोन खोल्या आहेत. केळीला आम्ही १०० पीपीएमच्या आसपास इथिलीन वायू देतो, १६ ते १८ अंशांवर, खोली बंद ठेवून. तेच मोसंबीला चालेल?

पाचोरेकर

खोली चालेल, पण कृती सर्वस्वी वेगळी आहे. केळीत आपल्याला फळ पिकवायचे असते. मोसंबी झाडावरून उतरल्यावर पिकत नाही, आपण फक्त सालीतला हिरवा रंग घालवत असतो. त्यासाठी १ ते ५ पीपीएम इथिलीन पुरते. तापमान २० ते २८ अंशांच्या दरम्यान, आर्द्रता ९० ते ९५ टक्के, आणि खोली बंद न ठेवता हवा सतत बदलत राहिली पाहिजे, कारण कार्बन डायऑक्साइड साठला की रंग उतरणे थांबते. साधारण ४८ ते ७२ तास लागतात. केळीच्या मात्रेने वायू दिलात तर देठ गळून पडतो आणि देठाच्या खाचेतून कूज शिरते. तुमच्या खोलीत बहुधा आर्द्रता वाढवणारे फॉगर जोडावे लागतील आणि १ पीपीएम दाखवणारा मीटर घ्यावा लागेल. केळीचा मीटर एवढे बारीक दाखवत नाही. कार्बाइडचा विचारही नको, त्यावर कायद्याने बंदी आहे.

रंग उतरल्यावर फळ धुणे, ब्रशवर पुसणे, वाळवणे आणि खाद्य मेणाचा पातळ थर देणे ही कामे एकाच लाइनवर होतात. धुताना सालीचे नैसर्गिक मेण निघून जाते, म्हणून वरून मेण द्यावे लागते, नाहीतर फळ आठवड्यात सुरकुतते. मेण देण्याआधी फळ पूर्ण कोरडे नसेल तर वर पांढुरके डाग पडतात. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था हेच काम करते आणि तिथे जाऊन लाइन प्रत्यक्ष पाहता येते. कोटेशनवर सही करण्याआधी एक दिवस नागपूरला जाऊन या.

लोखंडी काम

पाचोरेकरांशी मी निम्मा सहमत आहे. बारीक फळाला कितीही मेण लावले तरी ते मोठे होत नाही. रसाचा माल उरणारच.

शिरपूरकर

मग तो कागदी खोक्यात का भरू नये? त्यात सहा-सहा महिने टिकतो.

रसपारखी

टेट्रा पॅकची कंपनी १९५१ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे सुरू झाली. त्या खोक्याला आपण कागदी म्हणतो, पण त्यात पुठ्ठ्याबरोबर पॉलिथिनचे अनेक थर आणि अ‍ॅल्युमिनियमचा एक पातळ पत्रा असतो. रस आधीच निर्जंतुक करून थंड केलेला असतो, खोक्याचा कागद हायड्रोजन पेरॉक्साइडने निर्जंतुक होतो आणि भरणे निर्जंतुक हवेत चालते. प्राणवायू अडवण्याचे काम तो पत्रा करतो. याचा तोटा असा की आतले पॉलिथिन सालीच्या तेलाचा सुगंध शोषून घेते, त्यामुळे संत्र्याचा रस काही आठवड्यांत थोडा निस्तेज लागतो. पण तुमच्या दृष्टीने अडचण वेगळी आहे. ही यंत्रे तासाला हजारो खोकी भरतात आणि छापील कागदाची किमान मागणी एवढी असते की २२ एकरांचा सगळा रस दोन-चार दिवसांत संपेल. करायचेच असेल तर दुसऱ्याच्या कारखान्यात भरून घ्यावे लागेल.

त्यापेक्षा कडूपणावर एक सोपा तोडगा आहे. १०० टक्के रसाचा हट्ट सोडा. तयार पेयात किमान १० टक्के रस चालतो. रसात लिमोनिन २० पीपीएम असले आणि पेयात तुम्ही १५ टक्के रस घातलात, तर ते ३ पीपीएमवर येते, आणि साखर व लिंबाचे आम्ल उरलेले झाकते. लेबलवर मात्र रस असे छापायचे नाही, पेय असेच छापायचे आणि टक्केवारी ठळक द्यायची.

केळीवाला रावेर

सालीचे काय करणार? आमच्या शेजाऱ्याने रसवंतीची दोन पोती मोसंबीची साल गोबर गॅसच्या टाकीत टाकली, तर चौथ्या दिवसापासून शेगडी पेटेना. परत चालू व्हायला महिना लागला.

लोखंडी काम

तेच ते डी-लिमोनीन. वायू तयार करणाऱ्या जंतूंना ते सोसत नाही. साल जनावरांना घालता येते, पण ओली साल दोन दिवसांत बुरसटते. मोठे कारखाने किसलेल्या सालीत अर्धा टक्क्याच्या आत चुना मिसळतात. चुन्यामुळे सालीतला पेक्टिनचा चिकटपणा मोडतो आणि मग दाबल्यावर पाणी सुटते, नाहीतर कितीही दाबा, साल पाणी सोडत नाही. पुढे वाळवणे आपल्या एप्रिलच्या उन्हात फुकटात होते.

गिरणाकाठ

३ आठवड्यांनी परत लिहितो आहे. झाडावर मुद्दाम राखलेली थोडी फळे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उतरवली आणि घरी चाचणी केली. एकाच झाडाच्या फळांचे तीन भाग केले. पहिल्याचा रस जुन्या स्क्रू प्रेसवर सालीसकट काढला. दुसऱ्याचा घरच्या पिळणीवर हलक्या हाताने. तिसऱ्याचाही पिळणीवरच, पण लगेच बारीक जाळीतून गाळून, साखर-पाणी आणि लिंबूरस मिसळून १५ टक्क्यांचे पेय केले, ज्याचा पीएच मीटरवर ३.७ आला. तिन्ही लहान पातेल्यांत ९० अंशांपर्यंत लवकर तापवले आणि बाटल्या सारख्याच भरल्या. तिसऱ्या दिवशी घरातल्या व शेजारच्या ९ जणांना खुणेच्या पेल्यांतून दिले. स्क्रू प्रेसचा रस नऊही जणांनी कडू ठरवला. पिळणीचा रस ४ जणांनी. पेयाला कोणीच कडू म्हटले नाही, चुलत्यांनीही नाही. ते फक्त म्हणाले की साखर जास्त झाली.

पेट भरण्याच्या मशीनचे कोटेशन परत केले. या हंगामात लिंबाचे स्क्वॉश ताईंच्या पद्धतीने थंड भरून करायचे, मोसंबीचे पेय काचेच्या बाटलीत थोडे करून पाहायचे आणि केळीवाला भाऊंच्या एका खोलीत ४० क्रेट फळांचा रंग उतरवून पाहायचा, असे सहाही जणांचे ठरले आहे. तोडणी नऊनंतर करायला मजूर तयार नव्हते. दुपारच्या जेवणाची सोय बागेतच केल्यावर तयार झाले.

लोखंडी काम भाऊ, रीमरच्या शंकूसाठी फळे आकाराने निवडलेली हवीत, असे तुम्ही सांगितले होते. रसासाठी उरलेल्या फळांतली २०० फळे व्हर्नियरने मोजली. ५५ मिलिमीटरच्या आतली ६१, ५५ ते ६५ मधली ११२ आणि त्यावरची २७ निघाली. यात दोन शंकूंत भागेल की तीन लागतील?

लोखंडी काम

दोनच करू. ६५ च्या वरची फळे पाचोरेकरांकडे ग्रेडिंगला द्या, ती रसात घालणे हा तोटा आहे. मंगळवारी प्रत्येक आकाराची एक-एक क्रेट घेऊन शेडवर या. फळे आदल्या दिवशी दुपारी तोडलेली असू द्या.